भुताचे केस

मानेवाड्यात हॅलोविन कुठून आलं, माहीत नाही.
पण शलाकानं कूलरच्या तिन्ही ताट्या उसवल्या,
खसाचे केस केले,
झाडूच्या दांड्याला अडकवला
कपाटातला चौकड्यांचा शर्ट.

येरपुडे काकू दारातूनच म्हणाल्या,
"बाईनं आख्खं कोहळं फोडू नाही, बापा.
पहिला वार गड्याचा. बोलवा कोणाले तरी."

कोणाला?

तोवर शलाकानं सुरी खुपसलीच होती.
एक डोळा गोल, एक कसातरी.
बिया तिनं पेपरवर वाळत घातल्या.

संध्याकाळी तुळशीला घालून उरलेलं पाणी
मी त्या केसांवर शिंपडलं, उगाच,
आणि दारात मे महिना उभा राहिला
पाइप धरून, टाकी भरत,
बाह्या ओल्या.