कर्कटक, बूच, चिमटा

पाना विकत घ्यायचा तर अठ्ठावीस पौंड.
मी शर्वरीच्या जुन्या कंपासपेटीतलं कर्कटक काढलं,
दोन्ही टोकं कानशीनं घासून चपटी केली
आणि भिंगाच्या कड्यावरच्या दोन खाचांत धरली.
बसली.
भूमितीत त्यानं तिला कधी मार्क दिले नाहीत,
पण कडं सुटलं.

पुढचं, नावाचं कडं. त्याला खाचाच नाहीत.
त्याला बेसिनचं रबरी बूच:
वर ठेवायचं, तळव्यानं दाबायचं, डावीकडे फिरवायचं,
लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडतो तसं,
फक्त श्वास रोखून.

भिंग इझोबेल रेनीचं, वरच्या मजल्यावरची.
मोज्यात गुंडाळून घेऊन आली होती.
गॉर्डनचा मोजा, गॉर्डनचं भिंग.
"तू दात करतेस ना," म्हणाली, "मग हेही जमेल."
डंडीतल्या माणसांचं तर्कशास्त्र असं सरळ असतं.

करते मी दात.
लॅबमध्ये, उत्तरेच्या खिडकीपाशी, पोर्सिलेनचे, एकेक.
ए-दोन, ए-तीन, बी-तीन,
पिवळ्याच्या सगळ्या छटा डोळ्यांना पाठ.
पांढराशुभ्र दात कुणाच्याही तोंडात खोटाच दिसतो;
शेजारच्या दातानं जेवढा चहा प्यायला असेल
तेवढा नव्यातही घालावा लागतो.

जपानी पेचाची फुली वेगळी.
आपला स्क्रूड्रायव्हर बसल्यासारखा वाटतो
आणि डोकं खातो.
एकाचं खाल्लंच.
बाकीचे बर्फाच्या ट्रेमध्ये, निघाले त्या क्रमानं,
प्रत्येक घरात एक.
पातींवर तेल उतरलेलं, सहाच्या सहा चिकटलेली;
लायटरचं पेट्रोल, कापूस, लॅबमधला बारीक चिमटा,
आणि स्वयंपाकघराला दोन दिवस पेट्रोलपंपाचा वास.

मग आटे सुटले, आणि
कुठे सुटले त्याची खूण करायची राहिली.
आत शिरायच्या वाटा आठ, खरी एकच.
बाकीच्या सातांतूनही ते गुमान आत जातात,
मऊ फिरतात, नवं वंगण, छान वाटतं,
फक्त अनंत येत नाही.

अनंत म्हणजे कड्यावरचा आडवा आठ.
तो तपासायला दर वेळी जिन्याच्या खिडकीशी जायचं,
टे नदीपलीकडे फाइफचे दिवे.
पहिल्यांदा दिवे तेलात सोडलेल्या वड्यांसारखे फुगलेले.
दुसऱ्यांदा तसेच.
तिसऱ्यांदा मी त्या किनाऱ्यालाच शिव्या दिल्या.
पाचव्या वाटेनं, रात्री पाऊण वाजता,
एकेक दिवा टाचणीच्या टोकाएवढा झाला.
"आला!" असं मी मराठीत ओरडले.
खाली कुणीतरी दार लावून घेतलं.

काच मात्र पिवळी, गाळलेल्या चहासारखी.
त्या काळच्या काचेत कसलंसं द्रव्य असतं,
ते बसल्या जागी काचेला पिकवत राहतं.
उपाय ऊन.
फेब्रुवारी, डंडी, आणि ऊन!
शेवटी शर्वरीचा नखं वाळवायचा जांभळा दिवा,
नऊ रात्री, वर उपडं पातेलं.
दहाव्या दिवशी काच पाण्यासारखी.

इझोबेलनं कॅमेऱ्याला लावून बघितलं.
किटलीकडे, खिडकीकडे, माझ्याकडे.
बराच वेळ कॅमेरा खाली केला नाही.
"सगळं दुपारसारखं दिसतंय," म्हणाली.
आणि मग, "गॉर्डनच्या फोटोंत कायम संध्याकाळ असायची."

ए-तीन, माझ्या मनात आलं.
ए-तीनच, किंचित तांबूस.
पण काच काही माझ्या भट्टीत घालता येत नाही.

"परत होईल पिवळी?"
"होईल. आपोआप."
"किती दिवसांत?"
मी बूच बेसिनला परत लावलं, नळ सोडला.
"मोज्यातच ठेवा," म्हटलं,
"अंधारात लवकर होते."

ती गेल्यावर टेबल पुसलं.
ट्रेमध्ये, चौथ्या घरात, एक पेच आहे.
तो कुठला, ते मला माहीत नाही.
तिला सांगितलेलं नाही.