दंगल, अजून थोडं लांब

सोनगीरला, पाण्याच्या टाकीखालच्या पंपाच्या खोलीत
मी पेटीचं झाकण उघडून बसले आहे.
सुरतेच्या कुठल्याशा टॅक्सी कंपनीने काढून टाकलेला सेट,
क्रिस्टल बदलून, धूळ पुसून एकशे पंचेचाळीसवर आणलेला.
बोलायला खणखणीत. शिरपूर, अमळनेर, पार साक्रीच्या पुढे.
ऐकायला ठार.
गावात अशी माणसं पुष्कळ,
त्यांना कामटी लावून पाहता येत नाही.

स्क्रू-ड्रायव्हर इथे चालत नाही.
लोखंड नुसतं जवळ नेलं तरी कॉइल बिथरते,
दाखवते तो आकडा लोखंडाचा, तिचा नव्हे.
म्हणून पुतण्याच्या पतंगाची कामटी तासून घेतली,
टोक ब्लेडने चपटं केलं
आणि पहिल्या गाभ्याला पाव फेरा दिला.

दंगल नरडाण्याच्या फाट्यावर उभा,
हातात छोटा सेट, पॉवर सगळ्यात कमी.
नाव दंगल, आणि आवाज असा
की बँकेत कॅशियर त्याला दोनदा विचारतो.
आकडे मोज म्हटलं तर गावं मोजतो:
सोनगीर, नरडाणा, दभाशी, सावळदे,
पुन्हा सोनगीर.

जोरदार सिग्नलवर रिसीव्हर लावता येत नाही.
कॉलेजच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं जोडण्या करून दिल्या,
तिथे हे कुणी बोललं नव्हतं.
मोठा आवाज कसाही आत शिरतो,
काटा शेवटाला टेकतो आणि वाटतं, झालं.
लावायचं ते फाटक्या आवाजावर,
खरखरीत गळ्यापर्यंत बुडालेल्या,
'सावळदे'मधला फक्त 'व' वर आलेला.
पाव फेरा. 'ळ' येतो.
त्याहून कमी. अख्खं गाव येतं.
आणि गाव आलं की म्हणायचं,
दंगल, अजून थोडं लांब.

तो कारण विचारत नाही. मोटरसायकलची किक ऐकू येते.

पेटीचा दुसरा रोग जुनाट.
ज्या क्षणी ती बोलते, त्याच क्षणी तिला ऐकायचं असतं,
सहाशे किलोहर्ट्झ खाली, त्याच एका दांडीवरून,
आणि तिच्या कानठळ्या बसतात तिच्याच आवाजाने.
त्यावर उपाय चार तांब्याच्या नळकांड्या,
लोटनअण्णा तांबटांनी घडवलेल्या.
जन्मभर हंडे-घागरी केलेला माणूस,
माप बघून म्हणाला,
"येम्हा पानी कोठून भरानं, ताई?"
म्हटलं, पाणी नाही अण्णा, आवाज.
तोही आपलाच, अडवून धरायला.
त्यांनी प्रत्येकीला टिचकी मारली, कान लावला,
एक बाजूला काढली. "हाई बोबडी शे."
दुसऱ्या दिवशी तिच्या जागी नवी आणून दिली.

दांडा खाली, तसूभर. वर, केसभर.
साडेपाच. बाहेर कपाशीच्या काड्यांवर कुणी वांगी भाजतंय,
धूर खिडकीतून माझ्या काट्यापर्यंत.
दंगल दभाशी ओलांडून गेला.
मध्ये ट्रक. मध्ये विजेची मोठी लाइन,
तिची गुणगुण त्याच्या गावांवर पसरलेली.
मग एकदम मोकळं. तापीच्या पुलावर असणार.
तो बोलत नाहीये, नुसतं बटण दाबून धरलंय,
आणि त्या न बोलण्यात वारा आहे,
शेळीच्या गळ्यातली घंटी आहे,
कुणी बाई पलीकडच्या काठाला हाक मारतेय,
शेवटचा हेल लांबवून.
नाव कळत नाही. हेल कळतो.
मी कामटी खाली ठेवली.

"ताई, ऐकू यी ऱ्हायनं का?"
येतंय, म्हटलं.

भाचीची नेलपॉलिश आणली होती, गुलाबी,
चमकी नसलेली पाहून.
प्रत्येक गाभ्यावर एकेक थेंब, जागेवरून हलू नये म्हणून.
सुकेपर्यंत फुंकर मारत बसले.
झाकण, बारा स्क्रू, खोलीला कुलूप,
अण्णांच्या ओट्यावर भरीत आणि कळण्याची भाकर.
दुसऱ्या घासाला आठवलं,
दंगलला परत ये म्हणायचं राहिलं.

पर्समधला सेट सुरू केला.
सोनगीर, तो म्हणत होता,
नरडाणा, दभाशी,
सावळदे.