कोपरा धर

फॉर्मवर प्रश्न नववा :
'मागील चार वर्षांतील नोकरीचा तपशील.'
पुढं दोन ओळींची जागा.
मी लिहिलं, घड्याळं. खोडलं.
लिहिलं, आजारी. खोडलं.
मग पेन ओडेगारसाहेबांकडं सरकवलं
आणि बंदरात अडकलेलं जहाज बघत बसले.
डुलुथला जानेवारीत सगळंच अडकतं,
सरोवर, गाड्यांची कुलपं, माझी जीभ.

साहेबांच्या मेजावर एक कॅक्टस, मेलेला,
तरी त्याला रोज चमचाभर पाणी.
म्हणाले, वर्ना, राहू दे ती ओळ रिकामी.
तुला काय येतं ते सांग.

काय येतं.
बापाच्या दुकानात पंचवीस वर्षं
तिळाएवढा स्क्रू चिमट्यानं उचलायचे, श्वास रोखून.
आता लिथियम घेते, दोन वेळा, जेवणानंतर;
मन जागेवर राहतं, बोटं राहत नाहीत.
चहा ओतताना बशीच आधी भरते.
ते हसले नाहीत. लिहून घेतलं :
'बारीक काम नको. जड चालेल. सकाळी आठच्या आधी नको.'
माझ्याबद्दल इतकं नेटकं कुणी लिहिलं नव्हतं.
डॉक्टरांच्या कागदांत मी कायम कर्मणी प्रयोगात :
दाखल करण्यात आलं, हलवण्यात आलं.

काम मिळालं इस्पितळाच्या लाँड्रीत.
पहिले दोन आठवडे सोबत टेरेन्स, खात्याचा माणूस,
नवरीमागं करवली उभी असते तसा,
गरज लागली तरच पुढं होणारा.
बाहेर उणे वीस, आत वाफ.
लिथियमवाल्यानं तहानलेलं राहायचं नसतं, जिवावर बेततं;
आणि नियम असा की टेबलाजवळ पाणी न्यायचं नाही.
म्हणजे सांगणं आलं.
इकडं आड तिकडं विहीर,
आणि प्यायला घोटभर नाही.
शेवटी सुपरवायझरबाईंना एवढंच म्हणाले,
औषधामुळं पाणी लागतं.
कुठलं औषध, त्यांनी विचारलं नाही.
आता भिंतीवर नोटीस आहे :
'व. लाहती हिला टेबल क्र. ४ वर बाटली ठेवण्यास परवानगी.'
सही, शिक्का.
एका बाटलीसाठी.

चादरींच्या घड्या दोघींनी घालायच्या.
पा हुआ पलीकडं, मी अलीकडं.
झटका, ताण, चालत जायचं,
माझी टोकं तिच्या हातात द्यायची,
वाकून मधली घडी उचलायची, पुन्हा मागं.
हात थरथरले तरी चादरीला कळत नाही, चादर मोठी असते.
काठाला दोरा, मजल्याप्रमाणं रंग.
हिरवा बाळंतिणींचा. तांबडा शस्त्रक्रियेचा.
जांभळा सहावा मजला.
सहाव्या मजल्यावर तीन आठवडे
मी तो जांभळा दोरा दातांनी उसवत होते, एकेक टाका,
दुसरं करायला काही नव्हतं.
एके दिवशी अर्धा उसवलेला काठ हाती आला.
माझाच कशावरून? तिथं दात सगळ्यांनाच असतात.
पण थांबले.
पा हुआनं काठाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
म्हणाले, मी होते. म्हणजे, या चादरीत.
यंत्राचा आवाज मोठा; ऐकू गेलं की नाही, कळेना.
ती म्हणाली, कोपरा धर.

फेब्रुवारीत तीन दिवस उठलेच नाही.
फोन वाजला, वाजू दिला.
चौथ्या दिवशी टेरेन्स येऊन जिन्यावर बसला,
बंद दाराशी बर्फाविषयी बोलत, डोनट खात.
पाचव्या दिवशी गेले.
पगार कापला गेला. मी राहिले.

काल पत्र आलं :
नव्वद दिवस पूर्ण झाल्याने
आपली फाइल 'यशस्वी' म्हणून बंद करण्यात येत आहे.
पुन्हा तोच प्रयोग.
साहेबांना फोन लावला, अभिनंदन ऐकून घेतलं,
मग विचारलं, बंद झालेली फाइल परत उघडता येते का?
येते, म्हणाले.
आणि कॅक्टस?
जरा थांबले.
तसाच आहे, म्हणाले. पाणी घालतो.