परत फिरायची जागा

बेटावर परत फिरावं लागायचं नाही.
समुद्र डाव्या हाताला ठेवायचा, एवढाच नियम.
सत्तावीस किलोमीटरनंतर
आपलंच दार आपोआप समोर यायचं,
दोरीवरचा टॉवेल निघताना होता तेवढाच ओला.

दवाखान्याची रात्रपाळी संपवून
नऊ वर्षं मी तो एकच रस्ता चालवला.
सायकलचं मीटर अडतीस हजारांवर गेलं
आणि मी कुठेच गेले नव्हते.

तिथली हवा म्हणजे
इडलीपात्रातून नुकतं काढलेलं फडकं.
घाम यायचा, पण जायचा नाही.
ज्या दिवशी पळायचे त्या दिवशी
आन्सेल, होडीच्या कडेवर बसून जाळं सोडवणारा,
रोज तेच विचारायचा:
कोण लागलंय मागे?
मी म्हणायची, कुणी नाही.
मग पळतेस कशाला, म्हणायचा,
आणि स्वतः अनवाणी
जेटीपर्यंत माझ्यासोबत पळायचा, हसत.

आता नाशिक.
जानेवारी. ओठ फुटलेत.
गंगापूर गावाच्या पुढे धरणावरचं धुकं
रस्त्यावर उतरून उभं असतं, म्हशीसारखं, हलत नाही.
घाम दिसतच नाही.
घरी येऊन आरशात पाहिलं तर
कानशिलावर पांढरी रेघ.
मीठ!
समुद्र कुठे, घाटाखाली, किती लांब,
आणि मीठ मात्र बरोबर पत्ता शोधत आलेलं.

पहिल्याच आठवड्यात झालेली गोष्ट.
दुगाव गेलं, गिरणारे गेलं,
द्राक्षांचे घड वर्तमानपत्रांत गुंडाळलेले,
फवारणीचा वास, थेट्यांच्या मळ्यातली तीन कुत्री
(बेटावरची कुत्री झोपून असायची,
इकडची हद्द संपेपर्यंत नोकरी करतात)
आणि मी वळलेच नाही.
पाय आपले वाट पाहत होते
घर समोर येण्याची.
वाघेऱ्याच्या घाटात बाटली संपली
तेव्हा कळलं,
हा रस्ता गोल नाही.

श्रीरंगला फोन केला.
क्रेट उतरवून तो पिकअप घेऊन आला,
सायकल मागे टाकली,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, ताई,
अंगात जेवढा दम असेल
त्याच्या निम्म्यावर वळायचं असतं.
आणि रेडिओ लावला.

त्यानंतर भेटली वनिता भोये.
हरसूलच्या रस्त्यावर, साडेसहाला,
पळत होती.
बूट पायात नाही, हातात,
एकेका मुठीत एकेक.
झिजतात ना, म्हणाली. रविवारी वणीला स्पर्धा आहे.
तुम्ही कुठवर जाता?
मी म्हटलं, ठरलं नाही अजून.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं सायकलला ब्रेक नाही म्हटल्यावर पाहतात.

ती त्या पिवळ्या पाटीपर्यंत जाते.
पाटीला बुटासकट मुठीनं टेकते
आणि वळते.
त्या उंचीवरचा रंग गेलाय.
गावाचं नाव वाचता येत नाही,
फक्त १२ उरलेत.

ती तिची जागा. तिथं मी वळत नाही.
एकदा मोरीवर थांबून पाहिलं,
एकदा शकूरच्या पंक्चरच्या टपरीपाशी.
काय ताई, बस चुकली का, म्हणाला.
आन्सेलची आठवण आली.
नुसतीच हवा भरून घेतली.

आज निघताना आईनं दारातून ओरडून सांगितलं,
येताना मेथी आण,
कोवळी बघून.
येताना.
नऊ वर्षं हा शब्द मला लागला नव्हता.
तिथे जाणं आणि येणं
एकाच दिशेला होतं.

दोन जुड्या घेतल्या, कॅरिअरला बांधल्या.
वारा समोरून.
मेथीचं पाणी मागच्या चाकावर,
चाकावरून पाठीवर.