मीठ, अंदाजे नव्वद ग्रॅम

पंचनामे मी लिहायचो. बावीस वर्षं. अक्षर बरं म्हणून.
कांजूरच्या मिठागरात तिसरं प्रेत मिळालं
तेव्हा ओहोटी होती, पहाटेचे पाच दहा,
खरटमल बाईंची बॅटरी हातून निसटली
ती चिखलात पडून तशीच जळत राहिली.

इसम पुरुष, वय अंदाजे तीस, बांधा सडपातळ,
डोकं पूर्वेला. दोन्ही तळव्यांना हळद.
तोंड मिठानं गच्च भरलेलं.
मनगटावर गोंदण : फुलमती.
(त्याचं स्वतःचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही,
मुकादम तिघांनाही खांबाच्या नंबरानं हाक मारायचा.)
सतराव्या खांबापासून अकरा पावलं.
पावलांनीच मोजलं. टेप चौकीत राहिली होती.

बांधावर खाराईचा दगड.
शेंदूर इतका चढलेला
की आत दगड अजून आहे का, कोण सांगणार.
पेपरवाल्यांना तेवढं पुरलं.
दुसऱ्या दिवशी तिचा पुजारी जोमा गावंड आत,
वय एक्क्याऐंशी,
लुंगीची गाठ मारायला ज्याला नातू लागायचा.

रात्री बाईंनी मुद्देमालाची पिशवी त्याच्यापुढे धरली.
आम्ही नको म्हणेपर्यंत त्यानं बोट ओलं करून
जिभेला लावलंसुद्धा.
थुंकला.
"यो आमचा नाय. आमचा मीठ दाताखाली बोलतं.
यो पुरीतला हाय, दुकानातला."

आरोपीने मुद्देमाल चाखला,
हे कुठल्या नमुन्यात लिहितात?
मी लिहिलं नाही.

साइट ऑफिसात, चहासाखरेच्या कपाटात
एकाच छापाच्या सहा पुड्या सापडल्या.
तीन रिकाम्या. नीट घडी घालून ठेवलेल्या.

इंजिनीअर वाळिंबे रडला नाही की ओरडला नाही.
माझंच पेन मागून घेतलं, मातीचा नकाशा काढला.
"बावन्न मीटर खाली गेलो तरी कातळ नाही.
खांब धरत नव्हता.
गणित बरोबर होतं, तीनदा तपासलं.
मग गणिताच्या खालून कुणीतरी बोललं."
काय बोललं?
"दे म्हणालं."
किती?
"धरेपर्यंत."
आणि पेनाला टोपण लावून त्यानं ते
माझ्या खिशाला अडकवून दिलं.

जोमा सुटला, गणपतीच्या आधी गेला.
खाराईला कंपनीनं रस्त्याकडेला आणलं,
टाइल्स, ग्रिल, वर पत्रा.
वाळिंबेला जन्मठेप. सगळं कागदावर आहे.

एक तेवढं नाही.
तिसऱ्यानंतर तो खांब सुतभरही खचला नाही.
बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला, खिडकी लावून घेतली,
"काँक्रीटला वेळ लागतोच, तुळाजी," म्हणाल्या.
मी हो म्हणालो.
त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही,
मीही त्यांच्याकडे नाही.

आता पुलावरून बस जाते.
लेकीकडे जायला तीच सोयीची.
बाकी सांध्यांवर चाक दोनदा वाजतं,
सतराव्यावर तीनदा.
मी मोजायचं नाही असं ठरवून बसतो.

ताटात पहिलं मीठ वाढायची आपली रीत.
बायकोला सांगितलंय,
ते शेवटी वाढ.
तिनं कारण विचारलं नाही. पण हल्ली ती वाढताना
माझ्या तोंडाकडे बघते.