लाईन क्लिअर

भिलवडी, आठवी ब, चौथा तास.
फळ्यावर मी लिहिते: लाईन म्हणजे रेषा.
मागच्या बाकावरचा सुदर्शन हजारे
तोंड दाबून हसतो,
शेजारच्याला कोपर मारतो.
तो का हसतो मला माहीत आहे.
मीही इथलीच.

रेषा इथं कुणी बोलत नाही.
ठिबकची लाईन उंदरानं कुरतडलेली असते,
हंगामात कारखान्याच्या गेटापासून
उसाच्या ट्रॅक्टरांची लाईन पार ओढ्यापर्यंत.
भूपालमामाची मुंबईत वर लाईन आहे
असं तोच सांगतो,
त्याच्या मळ्यातलं मीटर मात्र
तीन वर्षं झाली, बसायचंच आहे.
वाया गेलेलं पोरगं लायनीवर आलं
की आई नारळ फोडते
आणि स्थळ आणणारा चपला काढायच्या आधी विचारतो,
"मुलगा कुठल्या लाईनला?"

माझे वडील लाईनलाच होते.
अण्णाप्पा मगदूम, लाईनमन.
कमरेला पट्टा, खिशात पक्कड,
सायकलच्या दांडीला गुंडाळलेली तार.

ऐकीव गोष्ट आहे.
आईच्या माहेरच्या दारासमोर नवा खांब,
हे वर, तार ओढतायत.
खाली आई, तेव्हाची पद्मावती,
एकच बादली तिसऱ्यांदा विसळतेय.
शेजारच्या आक्काताईनं आत जाऊन आजोबांना सांगितलं,
"त्ये पोरगं सकाळधरनं तुमच्या दारात लाईन मारायलंय."
आजोबा काठी घेऊन बाहेर.
"खाली उतर!"
"उतरतो की. आधी लाईन वडू द्या."
गल्ली हसली. आजोबाही,
पण उशिरा, आणि काठी न सोडता.
आई आजही म्हणते,
मारतच होता. तार निमित्ताला.

एक शब्द मात्र घरात
कुणी थट्टेवारी नेत नव्हतं.
लाईन क्लिअर.
सुदर्शनच्या भाषेत: तिचा भाऊ घरात नाही, चल.
स्टेशनात: मालगाडी येऊ दे.
वडिलांच्या तोंडी:
सबस्टेशनात कुणीतरी खटका पाडलाय,
रजिस्टरावर सही केलीय, वेळ घातलीय,
आता उघड्या तारेवर
माझा उघडा हात चालेल.

एका श्रावणात फोनवरचा माणूस म्हणाला, क्लिअर.
त्यानं शेजारचा फीडर बंद केला होता.
मिरजेच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी
वडिलांनी डोळे उघडले,
विचारलं, "गावात लाईट आली का?"
उजव्या हाताची दोन बोटं
त्यांनी नंतर मोजली.
त्या माणसाचं नाव घरात कधी निघालं नाही.
दिवाळीला त्याच्याकडून डबा यायचा,
आई रिकामा परत पाठवायची नाही.

रेषा हा शब्द गावात
पुरानंतर आला.
साहेब लोक नकाशे घेऊन फिरले,
निळी पूररेषा, लाल पूररेषा.
आमच्या स्वयंपाकघरात ती चिखलानं
आधीच आखलेली होती,
मिठाच्या बरणीवर चार बोटं.
वडिलांनी डाव्या हातानं मापून दाखवली.
साहेब म्हणाले, ही लाईन फोटोत घ्या.
"ही लाईन न्हवं," वडील म्हणाले,
"लाईनला दुसरं टोक असतंय."
साहेबांनी तोवर फोटो काढला होता.

"मॅडम, मी सांगू अर्थ?"
सुदर्शन उभा आहे, कानापर्यंत लाल.
सांग, म्हणते मी.
तो एक सांगतो, पुढच्या बाकावरची अस्मिता दुसरा,
मग नळाची, पोलिसांची, टेलिफोनची,
क्रिकेटच्या बॉलची, शिवणाऱ्या काकूची,
कुणीतरी ओरडतं, ऑफलाईन!
फळा भरतो, खडूचा तुकडा
नखाएवढा उरतो.
वडिलांचा अर्थ मी लिहीत नाही.
जागा नाही, असं स्वतःला सांगते.

घंटा होते.
"मॅडम, परीक्षेत काय लिहायचं?"

रेषा लिही, म्हणते मी.
एक मार्क आहे.