बुधवारचे दोन कोपरे

पासपोर्टच्या अर्जावर मीच लिहिली होती
गंगासागर मावशीची जन्मतारीख: एक जून.
आमची अर्धी वस्ती एक जूनलाच जन्मली,
गुरुजींच्या हाताला तीच तारीख सवयीची.

बत्तीस वर्षं वसमतच्या दवाखान्यात आयाबाई,
लोकांची लेकरं किती वाजता आली
ते डॉक्टरला सांगायची, मिनिटासकट.
निवृत्तीचा पैसा मोडून यांगूनला जाऊन आली
आणि वस्तीतल्या पोरी
तिच्या टाचांच्या भेगांत सोनं शोधायल्या.

विहाराच्या पत्र्याखाली बायका जमल्या.
कुणीतरी पंखा तिच्याकडं वळवला.

"काय सांगू माय,
एवढं सोनं, डोळं दिपत्यात,
अन् पायात कुणाच्याच काही नाही.
फरशी तापल्याली, वैशाखातल्या काळीसारखी.
नांदेडच्या बाया नाचायल्या,
मी आपली चालले तुरुतुरु.

खाली रस्त्यानं झाडाझाडापाशी पाण्याची मडकी,
झाकणावर पेला पालथा.
कुणाचं हाय म्हणून इचारलं.
ती गालाला चंदन फासल्याली पोरगी,
मोडकंतोडकं हिंदी बोलायची,
तिला सवालच कळंना.
तीनदा इचारलं.
मग पेले. तहान नव्हती तरी."

इथं ती थांबली. पत्रा तडतडला उन्हानं.

"वर आठ कोपरे. ज्याचा जो वार
त्यानं त्या कोपऱ्यातल्या मूर्तीला पाणी घालायचं.
सोमवारचा वाघ, मंगळवारचा सिंह,
बुधवारला तेवढे दोन:
सकाळचा हत्ती सुळ्यांचा, दुपारनंतरचा बिनसुळ्यांचा.
पोरगी म्हणली, मावशी, तुमचा वार?

मला एवढंच ठाव, बाजाराच्या दिवशी झाले.
अन् गावचा बाजार तर दुष्काळात मोडला, बहात्तरला.
माय गेली. बापाला वार कधी कळलेच नाहीत,
त्याला सगळे सारखे."

"मग?"

"मग काय, आठी कोपऱ्यांत घातलं.
डोक्यावरून, माझ्या हातानं, वाटीवाटीनं.
कुणी हात धरला नाही.
एकाला तरी पोचलं असंल."

बायका हसल्या. दाराशी टेकून
हमीदाबी मणेरीण ऐकत होती, टोपली मांडीवर.

"बुधवार होता गं," ती म्हणाली.
"मी नवाची असंल. अम्मा तुज्या मायला
हिरव्या बांगड्या भरायलती.
एक हात भरला, बारा चुडे,
अन् कळा सुरू झाल्या तिथंच, आमच्या पालात.
दुसरा हात तसाच रिकामा ऱ्हायला.
अम्मा मरस्तोवर म्हणायची,
त्या बाईच्या बारा बांगड्या देणं हाय आपलं."

मावशी काहीच बोलली नाही बराच वेळ.
पंखा तिच्यावरून फिरून भिंतीकडं गेला, परत आला.
मग दवाखान्यातल्या आवाजात तिनं विचारलं,
"वेळ? सकाळ का दुपार?"

हमीदाबीनं डोळे बारीक केले,
टोपलीवरचं फडकं सारखं केलं.
"घड्याळ कुणाकडं होतं?
पर पालाच्या बाहेर पळत गेले मी, पाणी आणाया,
तर सावली दिसंना माझी.
पायाखालीच होती."